आप्पांना स्टेंट टाकायचा की नाही, हे आम्ही कसं ठरवलं

मागच्या आठवड्यात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन महिन्यांची तपासणी झाली आणि जरा उसंत मिळाली म्हणून लिहायला बसले. फेब्रुवारीत आमच्या घरी जो गोंधळ होता तेव्हा रोज वाटायचं की मराठीत कुणीतरी आपला अनुभव पहिल्यापासून सगळा लिहून ठेवलेला मिळाला पाहिजे. मी डॉक्टर नाही, धुळ्याला ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, हे सगळं ज्यांना थांबून विचार करायला वेळ आहे अशा पेशंटबद्दल आहे. छातीत अचानक जोरात दुखायला लागलं, घाम फुटला, बसून राहिलं तरी थांबत नाही, तर काही वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. हार्ट अटॅक चालू असताना वेळेत केलेली ॲन्जिओप्लास्टी (हृदयाची बंद झालेली नस उघडून त्यात स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी बसवणं) जीव वाचवते.

आप्पा ६७ वर्षांचे, अमळनेर तालुक्यात आमचं गाव, कापूस आणि थोडी ज्वारी. जानेवारी २०२५ मध्ये शेवटची वेचणी चालू होती तेव्हा वावरातून घरी येताना चढावर छाती आवळल्यासारखी व्हायला लागली, दोन मिनिटं उभं राहिलं की थांबायचं. आठ-दहा दिवस त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, ॲसिडिटी म्हणून इनो घेत राहिले. आईनं फोन करून सांगितलं तेव्हा कळलं. अमळनेरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला तो नॉर्मल आला, पण चालल्यावर दुखतं आणि उभं राहिल्यावर थांबतं हे ऐकून त्यांनी लगेच जळगावला पाठवलं. तिथे ११ फेब्रुवारीला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी), दोन्ही मिळून ३,८०० रुपये. इकोत हृदयाचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलं. टीएमटी पॉझिटिव्ह, म्हणजे ब्लॉकचा संशय. म्हणून २० फेब्रुवारीला ॲन्जिओग्राफी, म्हणजे मनगटातून नळी घालून हृदयाच्या नसांचे फोटो, १५ हजार.

ॲन्जिओग्राफी चालू असतानाच मला आणि आईला आत बोलावलं. काचेपलीकडे आप्पा टेबलावर, समोर स्क्रीनवर काळ्या नसा, उजव्या नसेत ८० टक्के ब्लॉक आणि डाव्या बाजूच्या एका नसेत ६० टक्के. "आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, परत आणायला नको, पॅकेज एक लाख साठ हजार, पाच मिनिटांत सांगा." आईनं माझा हात घट्ट धरला होता. मी एवढंच विचारलं की ही इमर्जन्सी आहे का, आणि लेफ्ट मेन म्हणजे मुख्य नसेत काही आहे का. (लेफ्ट मेन हा शब्द मला एका सहकाऱ्याच्या बायपासमुळे माहीत होता.) डॉक्टर म्हणाले लेफ्ट मेन स्वच्छ आहे, इमर्जन्सी नाही, पण ठेवायचं कशाला. म्हटलं मग आम्ही विचार करून सांगतो. त्यांना ते आवडलं नाही पण त्यांनी अडवलंही नाही. निघताना रिपोर्टसोबत ॲन्जिओग्राफीची सीडी मागून घेतली. ही सीडी मागायला विसरू नका, पुढे प्रत्येक ठिकाणी तीच लागते, नुसत्या कागदी रिपोर्टवर कुणी मत देत नाही.

घरी आल्यावर सगळं सुरू झालं. धाकटा भाऊ सुरतला असतो, तो फोनवर रडकुंडीला आला होता, "ताई, पैसे मी देतो पण थांबू नको, ८० टक्के बंद आहे म्हणजे २० टक्क्यांवर माणूस चाललाय." गल्लीतले जिभाऊ म्हणाले त्यांच्या साडूनं स्टेंट टाकला नाही आणि वर्षात गेला. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले त्यांच्या ओळखीच्या एकाला स्टेंट टाकूनही दोन वर्षांत परत ब्लॉक झालं. दोघंही खरंच बोलत होते. पण एकेका माणसाच्या गोष्टीवरून काही कळत नाही, कारण त्या साडूनं स्टेंट टाकला असता तर काय झालं असतं हे कुणालाच बघता येत नाही. ते बघायचं तर सारखेच खूप पेशंट घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला स्टेंट अधिक औषधं, दुसऱ्याला फक्त औषधं, आणि काही वर्षं मोजत राहायचं. आप्पांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ते नवीन औषध फवारताना नेहमी दोन ओळी बिनफवारणीच्या ठेवतात, नाहीतर बोंडअळी औषधानं गेली की पावसानं हे कळणार कसं.

तर असे अभ्यास कुणी केलेत का हे मी शोधायला लागले. पबमेड नावाच्या वेबसाइटवर संशोधनाचे सारांश फुकट वाचता येतात, इंग्रजी अवघड असतं पण आकडे वाचता येतात. पहिला हाती लागला तो करेज नावाचा, २००७ सालचा, अमेरिका-कॅनडातले २,२८७ पेशंट. साडेचार वर्षांत मृत्यू किंवा हार्ट अटॅक स्टेंटच्या गटात १९ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात साडेअठरा टक्के. मी तीनदा वाचलं, मला वाटलं उलटं छापलंय. भावाला पाठवलं तर तो म्हणाला जुनं आहे, तेव्हाचे स्टेंट वेगळे होते. मुद्दा बरोबर होता त्याचा. म्हणून पुढे शोधलं आणि इस्केमिया नावाचा अभ्यास मिळाला, २०२० मध्ये छापलेला, ३७ देशांतले ५,१७९ पेशंट, त्यात भारतातलेही, स्टेंट नवीन पद्धतीचे.

इथे मी अडकले. हॅझार्ड रेशो, कॉम्पोझिट एंडपॉइंट, कॉन्फिडन्स इंटरव्हल. गणित येतं मला पण डॉक्टरी भाषा येत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याला एमडी करतेय, तिला मेसेज टाकला, रेसिडेंट लोकांना वेळ रात्री अकरानंतरच मिळतो, त्यामुळे मार्चचे पहिले काही दिवस आमचा क्लास रात्रीच चालला, आणि या वेळी शिकवणारी ती. तिनं पहिलीच गोष्ट सांगितली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती म्हणाली, "मॅडम, निकाल नंतर वाचा, आधी बघा कुणाला अभ्यासात घेतलं नाही." इस्केमियात लेफ्ट मेनचा ब्लॉक असलेले नव्हते, पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असलेले नव्हते, नुकताच अटॅक येऊन गेलेले नव्हते, औषधं घेऊनही सहन होत नाही इतकं दुखणारे नव्हते. म्हणजे तुमचा पेशंट यातल्या कशात बसत असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीतच. आप्पा यातल्या कशातच बसत नव्हते, म्हणून पुढे वाचायचं.

दुसरं तिनं सांगितलं की "इतके टक्के धोका कमी" असं लिहिलेलं दिसलं की विचारायचं कितीवरून किती. दोनवरून एकावर आलं तरी ५० टक्के कमी आणि चाळीसवरून वीसवर आलं तरी ५० टक्केच कमी, पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून प्रत्येक आकडा शंभर माणसांत किती आणि किती वर्षांत, असा लिहून काढायचा. मी वहीत तसंच केलं. इस्केमियात हृदयाच्या कारणानं मृत्यू, हार्ट अटॅक आणि हृदयासाठी तातडीनं ॲडमिट होणं असे प्रकार एकत्र मोजलेत. पहिल्या सहा महिन्यांत स्टेंट-बायपासच्या गटात शंभरातल्या साधारण ५ जणांना यातलं काहीतरी झालं आणि औषधांच्या गटात ३ ते ४ जणांना, कारण प्रोसिजर करतानाही काहींना छोटे अटॅक येतात. पाच वर्षांनी चित्र उलटलं, १६ आणि १८. पण हा दोनाचा फरक निव्वळ योगायोगानं पडलेलाही असू शकतो इतका लहान. मृत्यू एका गटात १४५, दुसऱ्यात १४४. नंतर २०२२ मध्ये त्याच पेशंटांचं पुढचं आलं, त्यात स्टेंट-बायपासवाल्यांत हृदयामुळे झालेले मृत्यू थोडे कमी होते पण इतर कारणांनी झालेले थोडे जास्त, एकूण मृत्यूंत फरक नाही.

मला तरी पटेना, ८० टक्के बंद असलेली नस उघडली तर अटॅक टळायलाच पाहिजे ना. तिनं सांगितलं की अटॅक पुष्कळदा त्या मोठ्या दिसणाऱ्या ब्लॉकमुळे येतच नाही, नसेच्या भिंतीत चरबीचा थर असतो तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि नस एकदम बंद पडते. असा थर स्क्रीनवर ३०-४० टक्के दिसणाऱ्या जागीही असू शकतो. स्टेंट एका जागेपुरता, आणि स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी आटोक्यात ठेवणं, बिडी सोडणं हे सगळ्या नसांवर काम करतं. हे कळल्यावर भावाचंही डोकं जरा शांत झालं.

पण त्याच अभ्यासात एक गोष्ट स्टेंटच्या बाजूनं स्पष्ट होती, दुखण्याची. ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला छातीत दुखायचं त्यांच्यात वर्षानंतर अजिबात न दुखणारे शंभरात ५० स्टेंट-बायपासच्या गटात आणि २० औषधांच्या गटात. म्हणजे प्रश्न जगण्या-मरण्याचा कमी आणि चालताना दुखतं त्याचा जास्त. एका रविवारी ओट्यावर बसून मी आप्पांना हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्प्रिंग टाकीसनी मी जास्ती दिन जगसू का, इतलंच सांग." मी म्हटलं आप्पा, तुमच्यासारख्या पेशंटांमध्ये तसं दिसलेलं नाही. "मंग दुखानं काय व्हई?" म्हटलं ते कमी होण्याची शक्यता चांगली आहे.

१५ मार्चला नाशिकला दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टकडे गेलो. फी १,००० रुपये, नंबर यायला चार तास. जाताना एका कागदावर प्रश्न लिहून नेले होते आणि हे मी प्रत्येकाला सांगेन, डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही. कागदावर होतं: हे नाही केलं तर पुढच्या पाच वर्षांत काय काय होऊ शकतं, केलं तर किती फरक पडेल, केल्यानं काय नुकसान होऊ शकतं, थांबलो तर काही हातचं जाईल का, आणि आप्पांना पूर्वी अल्सर होऊन काळी शौचास झाली होती त्याचं काय. शेवटचा प्रश्न ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. स्टेंटनंतर काही महिने रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या घ्याव्याच लागतात, मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि चालू ठेवल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हा धोका आप्पांना इतरांपेक्षा जास्त. सीडी त्यांनी दोनदा बघितली आणि म्हणाले तीन-चार महिने औषधं नीट घेऊन बघू, बसल्या-बसल्या दुखलं किंवा दुखणं वाढत गेलं तर एक दिवसही थांबायचं नाही. हे वाक्य मी आईकडून पाठ करून घेतलं आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आप्पांच्या खिशात, वावरातल्या झोपडीत आणि घरी अशी तीन ठिकाणी ठेवली.

औषधं म्हणजे ॲस्पिरिन, रोसुव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, अम्लोडिपिन आणि पोटासाठी पॅन्टोप्राझोल. महिन्याचा खर्च नेहमीच्या मेडिकलमध्ये साडेअकराशे, जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो तर चारशेच्या आत. बिडी सोडणं सगळ्यात कठीण गेलं, पहिला महिना घरात कुणाशी धड बोलत नव्हते.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी-आत्या सगळ्या माहेरी आलेल्या, झोका बांधलेला, आणि आप्पांनी जाहीर केलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीनं मांड्या दुखतात, ती बंद. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं होतं की स्टॅटिननं स्नायू सडतात. मी परत शोधलं. २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये १९ अभ्यास एकत्र करून बघितलेत, सव्वा लाखाच्या आसपास माणसं, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी खोटी, कुणाला कुठली ते त्यांनाही माहीत नाही. चार वर्षांत स्नायू दुखल्याची तक्रार खऱ्या गोळीत २७.१ टक्के आणि खोट्या गोळीत २६.६ टक्के. म्हणजे त्रास खोटा नाही, पाय खरंच दुखतात, पण बहुतेकांचे गोळीमुळे दुखत नाहीत. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सीपीके नावाची, स्नायूंना इजा झाली का ते बघणारी, रक्ताची तपासणी करायला सांगितली, ती नॉर्मल आली, डोस थोडा कमी केला. महिन्यानं आप्पा मांड्यांबद्दल बोलायचे बंद झाले.

त्याच दिवसांत मामांनी सलाइनमधून औषध देऊन ब्लॉक विरघळवतात अशा एका ठिकाणची जाहिरात आणली, वीस-तीस बसण्या आणि लाखाच्या घरात खर्च. त्याला किलेशन म्हणतात. त्यावरही अभ्यास झालेत हे बघून मला आश्चर्य वाटलं. अटॅक येऊन गेलेल्या १,७०८ पेशंटांवर अमेरिका-कॅनडात अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये छापला, त्यात थोडा फायदा दिसला, विशेषतः डायबेटिस असलेल्यांत. म्हणून मुद्दाम तशाच पेशंटांवर परत करून बघितला, तो २०२४ मध्ये आला, आणि फायदा दिसला नाही. मामांना मी एवढंच सांगितलं की एकदा दिसलेली गोष्ट दुसऱ्यांदा नीट करून बघितल्यावर टिकली नाही, आणि हे पैसे घालवायचे नाहीत. मामा रागावले, पण नंतर तेच दुसऱ्यांना सांगत होते.

जूनमध्ये पेरणी झाली. जुलैपर्यंत बीपी छान, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १३८ वरून ६६ वर. दुखणंही निम्म्यावर आलं होतं, पण गेलं नव्हतं. चढावर अजून दुखायचं, आठवड्यातून दोन-तीनदा गोळी जिभेखाली ठेवावी लागायची, आणि त्या भीतीनं आप्पा वावरात जायचंच कमी करायला लागले. मेटोप्रोलॉल वाढवलं तर नाडी ५० च्या खाली जायला लागली, दुसरी एक गोळी दिली तर डोकं इतकं दुखायचं की दोन दिवसांत सोडली. आता काय, तर परत वही काढली.

या वेळी प्रश्न वेगळा होता, औषधं घेऊनही दुखतंय त्याला स्टेंटनं किती आराम पडेल. ऑर्बिटा नावाचा ब्रिटनमधला अभ्यास आहे, २०१७ चा, २०० पेशंट. सगळ्यांना भुलीचं औषध, कानाला हेडफोन, सगळ्यांच्या नसेत तार घातली पण स्टेंट अर्ध्यांनाच टाकला, आणि कुणाला टाकला हे पेशंटला सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांचा ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ न टाकलेल्यांपेक्षा सरासरी साडेसोळा सेकंदच जास्त वाढला, आणि तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. म्हणजे बरं वाटण्यातला काही भाग आपल्यावर काहीतरी केलं गेलं याचाच असतो. मग त्याच लोकांनी २०२३ मध्ये दुसरा अभ्यास केला, ३०१ पेशंट, या वेळी छातीतल्या दुखण्यावरच्या गोळ्या थांबवून, आणि त्यात फरक स्पष्ट दिसला, अजिबात न दुखणारे स्टेंटमध्ये ४० टक्के आणि नाटकी प्रोसिजरमध्ये १५ टक्के. पण तिथेही शंभरातले साठ स्टेंट टाकूनही थोडेफार दुखणारेच राहिले.

आप्पा या दोन्हींच्या मधे कुठेतरी होते. मी त्यांना आकडे जसेच्या तसे सांगितले, अल्सरचा धोकाही सांगितला आणि मत दिलं नाही, कारण दुखतं त्यांना आणि वावर त्यांचं. दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माले वेचणीले वावरमा जानं शे. टाकी दे." नाशिकच्या डॉक्टरांनाही या टप्प्यावर तेच बरोबर वाटलं, फक्त उजव्या नसेत एक स्टेंट, डाव्या बाजूला हात लावायचा नाही.

आता खर्च. स्टेंटच्या किमतीवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ पासून मर्यादा घातलीय, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० होती, आता ती वाढत ३८ हजारांच्या पुढे गेलीय, त्यामुळे बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागायची. आम्ही महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून केलं, १ जुलै २०२४ पासून ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, आमचं केशरी कार्ड. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, आधी त्यालाच भेटायचं. आप्पांचं नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर एक असं होतं, ते दुरुस्त करून घेण्यात ऑगस्ट गेला, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं आजच जुळवून बघा. कागद आणि सीडी अपलोड झाल्यावर मंजुरी दोन दिवसांत आली आणि १८ सप्टेंबरला स्टेंट टाकला. हॉस्पिटलला एक रुपया द्यावा लागला नाही, आमचं जाणं-येणं, राहणं आणि आधीच्या तपासण्या एवढाच खर्च. भाऊ सुरतहून येऊन रात्रभर बाहेर बाकड्यावर बसून होता.

डिसेंबरच्या तपासणीत सगळं ठीक आहे. चढावर दुखणं जवळजवळ गेलंय, सॉर्बिट्रेट तीन महिन्यांत एकदाच लागली. हातावर निळे डाग पडतात, तेवढं रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे चालायचंच असं डॉक्टर म्हणाले, पण शौचाचा रंग रोज बघायचा आणि काळा दिसला तर लगेच यायचं. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांतली एक क्लोपिडोग्रेल, तिच्यासोबत पोटासाठी पॅन्टोप्राझोलच घ्यायचं, ओमेप्राझोल नाही, कारण ते त्या गोळीचं काम कमी करतं, हे मेडिकलवाल्यालाही सांगून ठेवलंय. दोन गोळ्या मार्चपर्यंत आहेत, त्यानंतर एकच, ॲस्पिरिन की क्लोपिडोग्रेल ते अल्सर बघून ठरेल. स्टॅटिन मात्र कायमची. आप्पांची एक दाढ दुखतेय, ती काढायची तर गोळ्या कुणी परस्पर बंद करू नयेत म्हणून डेंटिस्टला नाशिकच्या डॉक्टरांचा नंबर दिलाय, दोघांनी बोलून मार्चनंतरची तारीख धरलीय.